हृदयाचा पेट स्कॅन आणि आदल्या दिवशीचे ताट

हृदयाच्या पेट स्कॅनसाठी नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती एक पथ्यपत्रक दिले जाते. पुष्कळ नातेवाईक ते औषधांच्या पिशवीत घडी करून ठेवतात. तपासणी यंत्राने व्हायची, तेथे जेवणाचा काय संबंध, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या तपासणीचे निम्मे यश रुग्णाच्या स्वयंपाकघरात ठरते.

हृदयाचा स्नायू अहोरात्र राबतो व उपलब्ध असेल ते इंधन वापरतो. उपाशीपोटी तो मुख्यत्वे रक्तातील स्निग्धाम्लांवर चालतो. भात, पोळी वा गोड पदार्थ पोटात गेले की इन्शुलिन वाढते, स्निग्धाम्ले घटतात आणि तोच स्नायू ग्लुकोजकडे वळतो. या दोन इंधनांतील चढाओढ ब्रिटिश संशोधक फिलिप रॅन्डल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडली. तपासणीत शिरेवाटे दिले जाणारे एफडीजी हे द्रव्य ग्लुकोजचेच भावंड होय. त्यास फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. साखर शोषून घेणारा भाग चित्रात उजळ दिसतो.

मात्र याच द्रव्याने दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधली जातात आणि त्यांची पूर्वतयारी परस्परविरुद्ध असते. पहिला प्रश्न हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा. हृदयाचा जो भाग हलत नाही, तो मृत झाला आहे की अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे केवळ निद्रिस्त आहे? येथे रुग्णास काही तास उपाशी ठेवून मग ग्लुकोज पाजले जाते व गरजेनुसार इन्शुलिन दिले जाते. रक्तपुरवठा कमी असूनही जो भाग साखर घेतो, तो जिवंत होय. बायपास वा अँजिओप्लास्टीचा निर्णय घेताना ही माहिती मोलाची ठरते.

दुसरा प्रश्न सार्कॉयडोसिससारख्या आजारात हृदयाला आलेल्या दाहाचा. दाहग्रस्त भागातील पेशी साखर घेतच राहतात. तेव्हा त्या ओळखू याव्यात म्हणून निरोगी स्नायूला साखरेपासून परावृत्त करावे लागते. त्यासाठी आदल्या दिवशी किमान दोन जेवणे भरपूर स्निग्ध व जवळजवळ पिष्टविरहित घ्यावयाची असतात. प्रत्येक जेवणात ३५ ग्रॅमहून अधिक स्निग्ध पदार्थ व ३ ग्रॅमहून कमी पिष्टमय पदार्थ, असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. त्यानंतर तपासणीपर्यंत केवळ पाणी.

आपल्या घरांत खरी अडचण येथेच येते. पोळी, भात, भाकरी, वरण, दूध, फळे, सारेच वर्ज्य. शाकाहारी मंडळींनी पनीर, तूप, लोणी व तेलात परतलेल्या पालेभाज्यांवर भागवावे. मांसाहारी मंडळींस अंडी, मासळी, चिकन चालते. पण मासळीला रवा वा तांदळाचे पीठ लावलेले चालत नाही. ‘उपाशी राहा’ या सूचनेचा अर्थ ‘उपवास करा’ असाही घेतला जातो! साबुदाण्याची खिचडी, रताळे, केळे हा आपला उपवासाचा फराळ म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. तपासणी सुखरूप व्हावी म्हणून देवळातून आणलेला पेढा, खडीसाखर, चहा, खोकल्याचे गोड औषध, इतकेच काय सलाइनमधील डेक्स्ट्रोजही चित्र बिघडवू शकते. मग निरोगी हृदयही उजळते व दाहाचा भास होतो. अशा भासावर विसंबून स्टिरॉइड सुरू झाले, तर त्याचे परिणाम रुग्णालाच सोसावे लागतील.

मधुमेही रुग्णांनी पथ्यापायी इन्शुलिन वा गोळ्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत; मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे पत्रकही वापरू नये, कारण त्याचा प्रश्न वेगळा असू शकतो. थॅलियम तपासणीचे नियमही निराळे आहेत.

फ्लोरीन-१८ चे सामर्थ्य दर ११० मिनिटांनी निम्मे होते. त्यामुळे सकाळी मागविलेली मात्रा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. ती वाया गेली की दात्यांच्या साहाय्याचा तेवढा भाग वाया जातो. तरीही सांगणे असे की, काही चुकून खाल्ले गेले असेल, तर संकोच न करता इंजेक्शनपूर्वी परिचारिकेस तसे सांगावे. आदल्या दिवशी दुपारपासून जे जे खाल्ले ते वेळेसह कागदावर लिहून आणले, तर उत्तमच. त्या कागदावरून डॉक्टर चित्राचा अर्थ अधिक खात्रीने लावू शकतात, आणि गरज पडल्यास तपासणी पुढील तारखेस ठेवतात.