गिटार शिकण्याच्या नव्या तऱ्हा

गिटार हातीं घेतल्यावर पहिलें काम म्हणजे तारा सुरांत जुळविणें. सर्वांत जाड तारेचा पांचवा पडदा दाबावा, म्हणजे तिच्या शेजारच्या तारेचा सूर मिळतो. याच क्रमानें पुढें जावें. मात्र तिसऱ्या तारेवरून दुसरी लावतांना पांचव्याऐवजीं चौथा पडदा धरावा. ही रीत सांगण्यास एक मिनिट पुरतें, साधण्यास मात्र महिने लागत. दोन सूर जवळ आले, पण एक झाले नाहींत, म्हणजे त्यांच्या संगमांत एक सूक्ष्म थरथर ऐकूं येते. ती मंद होत होत विरून गेली, हें ओळखणें ही नवशिक्याच्या कानाची पहिली परीक्षा असे. आतां वाद्याच्या शेंड्याला चिमट्यासारखें एक लहानसें यंत्र लावतात. लाकडाच्या कंपनावरून सूर चढला आहे कीं उतरला आहे, हें तें कांट्यानें दाखवितें. काम अर्ध्या मिनिटांत होतें आणि अचूक होतें; पण तें डोळ्यांनीं होतें, कानांनीं नव्हे. गेल्या पंचवीस वर्षांत गिटारशिक्षणांत जो पालट झाला, त्याचें बरेंचसें मर्म या चिमट्यांत सांपडतें.

पूर्वीं सर्वच जण गुरूपाशीं बसून शिकत, असें मात्र मानूं नये. गिटारची सख्खी बहीण शोभेल अशा विहुएला या वाद्याकरितां लुईस दे मिलान यानें १५३६ सालीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें ‘एल् माएस्त्रो’ म्हणजे ‘शिक्षक’ या नांवाचा ग्रंथ छापला. त्यांत तारांच्या रेघा काढून कोणता पडदा दाबावा त्याचे अंक मांडलेले आहेत. आज इंटरनेटवर ‘टॅब’ या नांवानें जी अंकलिपि मिळते, ती याच कुळांतील. इंग्लंडमध्यें १९५७ सालीं बर्ट वीडन याचें ‘प्ले इन अ डे’ हें पुस्तक निघालें. एका दिवसांत वादन शिकविण्याचें वचन पाळणें कोणासच शक्य नव्हतें. तरी एरिक क्लॅप्टन याच्यासारखा विख्यात वादक त्या पुस्तकाचें ऋण मानतो.

ज्यांस पुस्तकाचाही आधार नव्हता, ते तबकडीपाशीं बसत. मिनिटास तेहतीस फेरे घेणारी तबकडी सोळाच्या गतीवर लावली, म्हणजे झरझर निघून जाणाऱ्या ताना सावकाश ऐकूं येत. परंतु गति निम्मी होतांच सूरही एक सप्तक खालीं उतरे. तो मनांतल्या मनांत पुन्हां वर चढवावा, पडद्यांवर चांचपडावें, चुकावें, सुई उचलून मागें ठेवावी. तबकडीवर चरे पडत, घरांतील मंडळी वैतागत. पण एवढ्या खटाटोपानंतर जें चार स्वर हातीं लागत ते पुन्हां विसरत नसत. आज यूट्यूबवर हवी ती गति निवडतां येते, सूर जागचा हलत नाहीं, आणि वादकाचीं बोटें जवळून दिसतात. कोणता पडदा, हा प्रश्नच उरत नाहीं. त्यामुळें श्रम वांचले. त्याबरोबर त्या श्रमांतून कानास लागणारें वळणही वांचलें, असें म्हणावें लागतें.

तथापि या नव्या सोयीस नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल. जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकानें २००३ पासून इंटरनेटवर विनामूल्य धडे देण्यास आरंभ केला. ज्या गांवीं गिटारचा शिक्षक औषधालाही मिळत नाहीं, तेथील मुलाला असा गुरु घरबसल्या लाभणें ही लहान गोष्ट नव्हे. एकलव्यापुढें एक मृण्मय मूर्ति होती. या मुलापुढें सहस्र द्रोणाचार्य बोलत आहेत. अडचण एवढीच कीं, त्यांपैकीं एकालाही तो मुलगा दिसत नाहीं.

शिवाय सहस्र गुरु असले कीं शिष्य एकापाशीं टिकत नाहीं. पूर्वींच्या पुस्तकांत धड्यामागून धडा येई. आतां प्रत्येकाचा आरंभ आवडत्या गाण्यापासून होतो. गोडी लागण्यास हें उत्तमच. परंतु वीस गाण्यांचे आरंभ येतात आणि शेवटपर्यंत एकही वाजवितां येत नाहीं, असे तरुण आज घरोघरीं आढळतात.

खरी कसोटी लागते ती ‘एफ्’ या कॉर्डपाशीं. तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एकदम दाबावयाच्या. बोट दुखतें, तारा खरखरतात, मन खट्टू होतें. फेंडर या अमेरिकन कंपनीच्याच अंदाजाप्रमाणें नव्यानें गिटार घेणाऱ्यांपैकीं सुमारें नव्वद टक्के लोक पहिल्या वर्षांतच ती सोडून देतात. तिनें २०१७ सालीं स्वतःचें शिकविणारें ॲप काढलें, त्यांत हा व्यापारी हिशेब उघड आहे. २०२० च्या टाळेबंदींत तीन महिने तें फुकट दिलें, तेव्हां मार्चअखेर ते जूनअखेर त्याचे विद्यार्थी दीड लाखांवरून नऊ लाख तीस हजारांवर गेले. अशीं कांहीं ॲपें मायक्रोफोननें ऐकून स्वर बरोबर कीं चूक हें तत्काळ सांगतात, शाबासकीचे तारेही देतात. पण मनगट वांकडें आहे, आंगठा दांडीमागें फार वर सरकला आहे, खांदा ताठला आहे, हें स्वर ऐकून त्यांस कळत नाहीं. शिक्षक हातास हात लावून तें एका क्षणांत सुधारतो.

टाळेबंदींत शिक्षकही पडद्यावर आले. तेथें दुसरीच उणीव दिसली: आवाज पोंचण्यास क्षणाचा विलंब लागतो, म्हणून दोघांस एकदम वाजवितां येत नाहीं. गुरूनें वाजवावें, थांबावें, मग शिष्यानें वाजवावें. साथ करणें, म्हणजे दुसऱ्याचा श्वास ऐकून आपली लय सांभाळणें, हें शिक्षण त्यांत होत नाहीं. गोमंतकांत मांडो गाणाऱ्यांबरोबर गिटार वाजते ती साथीलाच. तेथील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकलेले आणि मेळ्यांत बसून तयार झालेले वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत पिढ्यान्‌पिढ्या नांदले.

ज्या घरीं मूल मोबाईलवरून गिटार शिकत आहे, तेथें यंत्र काढून घेण्याची आवश्यकता नाहीं. सर्वांत जाड तार तेवढी चिमट्याच्या कांट्यावर लावूं द्यावी, उरलेल्या पांच कानानें लावण्यास सांगावें, आणि मग कांट्यास विचारावें. आरंभीं कांटा भलतीकडेच उभा असेल. रोज पांच मिनिटें हें चाललें आणि आठवड्यांतून एकदां कोणी गाणारें समोर बसलें, तर कांट्याचें व कानाचें अंतर हळूहळू कमी होऊं लागतें.