अठराव्या वाढदिवसानंतरचा पालक

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईवडिलांचे पालकत्व संपते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या घरात हे बहुधा बँकेच्या खिडकीपाशीच कळते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीला असल्याने मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या कुटुंबाला दावा न लावता जालन्यात अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. हेळसांड केली, तर त्याला हटवता येते. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण आईवडिलांमागे शेतावर डोळा ठेवणारे नातेवाईक कमी नसतात.

सांभाळाचा प्रश्न मुलांपुरताच नाही; वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७चा वेगळा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो, पण महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये, आणि आजच्या औषधांच्या खर्चात ती अपुरीच.

याच कायद्याचा आधार मिळावा म्हणून जमीन मुलांच्या नावावर करून देताना सांभाळाची अट कागदावर घालावीच. मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये रद्द केले. मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिले होते, तेच तिच्या कामी आले.

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमातील वडीलधाऱ्यांसाठी मात्र अशी जिल्हा समिती नाही. जालनेकरांना त्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका करावी लागते.