पत्र्याच्या पेटीतला घुमारा

संपादकांनी सांगितलं होतं, साठच्या दशकातल्या फेंडर गिटार अ‍ॅम्प्लिफायरवर लिहा. मी मात्र त्याच्या तळाशी, रेक्झिनच्या पिशवीत ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीपाशीच थांबलो. तिला टँक म्हणतात.

लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज उशिरा पोचतो. तो उशीर प्रयोगशाळेत घडवायला बेल लॅब्जने स्प्रिंगा वापरल्या, आणि लॉरेन्स हॅमंड यांनी ती युक्ती आपल्या ऑर्गनला घुमारा देण्यासाठी उचलली. १९६१ मध्ये त्याच युक्तीवर चालणारं फेंडरचं स्वतंत्र रिव्हर्ब, म्हणजे घुमाऱ्याचं, युनिट आलं. १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये टँक अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच गेला.

पेटी जेमतेम ४२ सेंटिमीटर लांब. आत अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ चार छोट्या स्प्रिंगांवर टांगलेली आणि तिच्यात दोन लांब स्प्रिंगा ताणलेल्या. एका टोकाच्या कॉइलमध्ये गिटारचा सिग्नल शिरला की इवलंसं चुंबक पिळतं. तो पीळ स्प्रिंगेतून धावतो, आणि पलीकडचं चुंबक त्याची पुन्हा वीज करतं. एका स्प्रिंगेला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीला ४१. हा फरक मुद्दाम राखलेला आहे, म्हणून पडसाद एकमेकांवर बसत नाहीत, एकमेकांत मिसळून विरतात. इतक्या थोड्या सामानात दिवाणखान्याचं देऊळ करणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

आता जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याची खरी अडचण. टँक मूळचा की मागाहून बसवलेला? विक्रेते ‘४एबी३सी१बी’ हा शिक्का दाखवतात. त्यातला ‘४’ म्हणजे लांब, दोन स्प्रिंगांचा प्रकार; ‘ए’ म्हणजे ८ ओहम इम्पीडन्सची इनपुट कॉइल; ‘३’ म्हणजे घुमारा लांब; शेवटचा ‘बी’ म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली. म्हणजे कोणता टँक जुळेल एवढंच त्यावरून कळतं, वय कळत नाही. हाच कोड आज कोरियात बनणाऱ्या टँकवरही असतो. साठच्या दशकातल्या पेटीवर गिब्ज किंवा हॅमंडचं नाव शोधावं. मग पत्र्यावरचा गंज, स्क्रूंच्या खुणा आणि पिशवीचा डाग अ‍ॅम्प्लिफायरच्या वयाशी जुळतात का, ते पाहावं. एकट्या शिक्क्यावर जास्त पैसे मोजू नयेत.

मला काळजी वाटते ती फेकून दिल्या जाणाऱ्या टँकची. घुमारा बंद पडला की नवा टँक बसतो आणि जुना भंगारात जातो. आधी मीटर लावा: वरच्या कोडच्या टँकमध्ये डीसी रोध इनपुटला ०.८ ओहमच्या आसपास, आउटपुटला सुमारे २०० ओहम दिसायला हवा. काहीच दिसलं नाही, तर बहुधा केसासारखी तार सॉकेटपाशी तुटलेली असते. ती पुन्हा डाग देऊन जोडता येते. नवा टँक घेतलात तरी जुना जपून ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायर विकताना सोबत द्या.