लाल खडक, तिहेरी खंदक: ओळखा पाहू!

भूगोलाच्या खुणांवरून जगप्रसिद्ध वास्तू ओळखण्याचा मुलांचा खेळ कोहिनूरमध्ये (ता. बसवकल्याण, जि. बीदर) मांडायचा, तर पहिले कोडे घरच्याच जिल्ह्यातले असावे. खणताना मऊ असणारा आणि हवा लागताच कठीण होणारा जांभा, म्हणजे लोहयुक्त सच्छिद्र लाल खडक, ज्या पठारावर पसरला आहे, त्याच्या कडेला उभा असलेला व काही भागांत त्याच खडकात खोदलेल्या तिहेरी खंदकाने वेढलेला किल्ला कोणता, याचे उत्तर अर्थात बीदर.

जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या बेसाल्टवर अडते आणि ते भुयारी कालव्यांनी, म्हणजेच करेझांनी, शहराकडे आणले जाई. ही पद्धत मूळची इराणची असल्याने खेळ आपोआप दख्खनबाहेर जातो. बीदरमधल्याच, 1472 मधील महमूद गवान मदरशाच्या रंगीत चकचकीत फरशा तर थेट समरकंदची दिशा दाखवतात.

वाळवंट आणि नदी एवढ्यावरून पिरॅमिड ओळखणे फारच सोपे. नदीचा पश्चिम काठ आणि पुराच्या पाण्याबाहेरचे चुनखडीचे पठार सांगितले, तर तर्काला खरे काम मिळते.

आता अवघड कोडे: अँडीज पर्वतात सुमारे 2,430 मीटर उंचीवर, उरुबांबा नदीच्या वळणावरील ग्रॅनाइटच्या धारेवर इंका लोकांनी वसवलेले नगर कोणते?