रंग तोच, अंग नवं

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर खाकी कपड्याची ओळख जुनी आहे, आणि ती गोड नाही. रानात लाकूडफाट्याला गेलेल्याला अडवणारा गार्ड खाकीत असे, जमीनदाराच्या बाजूने उभा राहणारा शिपाईही खाकीत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघांचा जीव गेला.

हाच रंग आता शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी वेगळ्या वाटेने येतो आहे. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनसीसी, सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांत वाढवण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. एक लाख नवे कॅडेट घ्यायचे आणि त्यांत एक तृतीयांश मुली, असा बेत होता. डहाणूच्या बंदरापासून तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंतचा पट्टा किनाऱ्याचाच. पदवी आणि चांगल्या श्रेणीचं एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल, तर लष्कराच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीपर्यंत जाता येतं. शिकवणीची फी न परवडणाऱ्या घरात या सवलतीचं मोल मोठं आहे.

पण परेडवर पाय ठेवला की आधी ‘टर्नआउट’, म्हणजे गणवेशाचा नेटकेपणा बघतात. भूदल शाखेला खाकी, नौदलाला पांढरा, वायुदलाला निळसर करडा. बेरेटचा बिल्ला डाव्या डोळ्यावर, त्यावर लाल तुरा, नावाची पट्टी उजव्या खिशावर, पट्ट्याचं बक्कल घासून चकचकीत, केस कॉलरच्या वर. इतकी बारीक छाननी कशासाठी? रांगेत कोण बागायतदाराचा आणि कोण वीटभट्टीवर जाणाऱ्याचा, हे दिसू नये यासाठी. शिवाय स्वतःची वस्तू नीट राखायची सवय पुढे हत्यार हाताळताना कामी येते.

नियम कडक असले तरी परंपरा जागची हलत नाही, असं मात्र नाही. एनसीसी १९४८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ती विद्यार्थ्यांना सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची दारं मुलींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडली. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. खुद्द लष्करानेही १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या टोप्या, पट्टे, बूट एकसारखे केले. एरवी रेजिमेंटची खूण अंगावर मिरवणं हा सैन्यातला मोठा मान.

कॅडेटच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा बदल मात्र पैशांच्या वाटेतला आहे. पूर्वी गणवेश मध्यवर्ती खरेदीतून वाटला जाई. ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलं की गणवेशाचा भत्ता थेट कॅडेटच्या शून्य शिलकीच्या बँक खात्यात जमा होईल. दूरच्या गावांपर्यंत गणवेश वेळेवर पोचावा, हा त्यामागचा हेतू.

हेतू रास्त आहे, पण पाड्यावर त्याची परीक्षा आहे. खात्यात पैसे आले तरी नेमक्या छटेचं कापड, मापाचे बूट आणि बेरेट बाजारात शोधायला घरच्यांनाच निघावं लागतं. बाजाराच्या दिवशी मजुरी बुडते ती वेगळी. भत्ता उशिरा आला तर उसनवारी ठरलेली. मग जो गणवेश घरची ऐपत झाकायचा, तोच ती उघडी पाडतो. टर्नआउटची अट सैल करण्याची गरज नाही. ती लावण्याआधी कपडा कॅडेटच्या हातात पडायला हवा. वारली मुलीने खाकी घातली म्हणून १९४५ चा हिशेब मिटत नाही. मात्र उद्या तिच्या पाड्यावर सरकार खाकीत आलं, तर त्या खाकीत घरचंच कोणी असण्याची शक्यता वाढते, आणि तेवढ्यासाठी गणवेश वेळेवर पोचवण्याचा खर्च सरकारला जड वाटू नये.