नाण्यावरचा ठसा

येरमाळा ज्या जिल्ह्यात आहे, त्यातलेच तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले कापड गाड्यांनी भडोच बंदरात जाई. त्या बंदरात रोमची चांदीची नाणी येत. सम्राट ऑगस्टसच्या नाण्यावर त्याचे मस्तक, सोबत ‘देवपुत्र’ ही पदवी. क्षत्रप नहपानानेही आपल्या चांदीच्या नाण्यावर मस्तक उमटवले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला त्याची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० वर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. म्हणजे सत्ता बदलली. पण याच राजाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे नाशिकच्या लेण्यातील प्रशस्ती गौरवाने सांगते. ठसा बदलला; कापड विणणाऱ्याचे स्थान बदलले काय?