घरातील ज्वरमापक

मूल निपचित पडले की आईचा हात प्रथम त्याच्या कपाळावर जातो. त्या स्पर्शाने मुलाला धीर येतो. परंतु ताप किती आहे हे त्यावरून ठरविता येत नाही. चुलीपासून उठलेल्या उष्ण हाताला तापलेले कपाळही गार भासते आणि नुकत्याच पाण्यातून काढलेल्या हाताला निरोगी कपाळही ऊन लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रोग्याचा तापमापक सुमारे एक फूट लांब असे व तो वीस मिनिटे धरून ठेवावा लागे. १८६६ च्या सुमारास क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज वैद्याने सहा इंची, पाच मिनिटांत काम देणारा ज्वरमापक घडविला. लाइपझिगच्या वुंडरलिख यांनी १८६८ साली हजारो रोग्यांच्या नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, ही सरासरी प्रसिद्ध केली. या आकड्याला लक्ष्मणरेषा मानणे मात्र चूक आहे. पहाटे शरीर सर्वांत थंड असते व सायंकाळी त्याची उष्णता सुमारे एक अंश फॅरनहाइटने वाढते. शिवाय अलीकडील मोजण्यांत सरासरीच किंचित कमी आढळली आहे.

पाऱ्याच्या फुग्याच्या वर नळी एके जागी अतिशय अरुंद केलेली असते. प्रसरण पावणारा पारा तीतून वर सरकतो. थंड होताना मात्र तेथेच तुटतो आणि वरचा स्तंभ जागच्या जागी राहतो. म्हणूनच ज्वरमापक बाहेर काढल्यावर सावकाश वाचता येतो. म्हणूनच तो झटकावाही लागतो. न झटकलेला ज्वरमापक कालचा ताप आजच्या रोग्यावर लादतो! पारा ९५ अंशांखाली उतरला आहे हे पाहूनच तो लावावा.

जिभेखाली लावताना ओठ मिटलेले असावेत. नुकताच चहा किंवा थंड पाणी घेतले असल्यास अर्धा तास थांबावे. लहान मुलाच्या तोंडात काच देऊ नये. घाम पुसून काखेत लावावा व हात अंगाशी धरून ठेवावा. काखेतील आकडा तोंडातील आकड्यापेक्षा पाऊण-एक अंश कमी येतो, म्हणून नोंद करताना वेळेबरोबर जागाही लिहावी. धुण्यास गार पाणीच घ्यावे; कढत पाण्याने नळी फुटते.

फुटलेल्या ज्वरमापकातील पारा केरसुणीने झाडू नये, कारण त्याचे असंख्य बारीक थेंब होतात व त्यांची वाफ विषारी असते. मुलांना दूर न्यावे, खिडक्या उघडाव्यात आणि थेंब जाड कागदावर गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. मोरीत टाकू नयेत. २०१३ च्या मिनामाता करारात असे ज्वरमापक बनविणे २०२० नंतर थांबवावे असे ठरले, ते या विषामुळेच. विद्युत्‌घटावर चालणाऱ्या ज्वरमापकात पारा नसतो. सूचक ध्वनी होईपर्यंत तो हलवू नये, एवढे पुरे.

तीन महिन्यांच्या आतील अर्भकाचा ताप १००.४ अंश किंवा अधिक असल्यास, ते हसत-खेळत असले तरीही, त्याच दिवशी विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.